‘आध्यात्मिक शरीर’ म्हणजे रूपक का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ख्रिस्ती नाही, नवा करार मराठीतून पहिल्यांदाच वाचताय. पौल हा पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिताना म्हणतो की मेलेले ‘आध्यात्मिक शरीर’ घेऊन उठतील, आणि मांस व रक्त यांना देवाच्या राज्यात वाटा नाही. लूकच्या शुभवर्तमानात मात्र उठलेला येशू शिष्यांना म्हणतो, मला चाचपून पाहा, आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खातो. पौलाचं पत्र आधीचं, लूकचं लिखाण नंतरचं. मग पहिल्या पिढीला पुनरुत्थान हे रूपक म्हणूनच अभिप्रेत होतं आणि पुढच्यांनी ते शब्दशः घेतलं, असं समजायचं का? शिवाय तुम्ही विचारलंय की हे तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनासारखंच काही आहे का.

गेली चोवीस वर्षं मी नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवते. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि बहुधा वर्गातला सगळ्यात लक्षपूर्वक वाचणारा विद्यार्थी विचारतो. मी स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहे, तेव्हा माझं मत कुठून येतं ते तुम्हाला आधीच माहीत असू द्या. पण येशू खरोखर उठला का, याचा निकाल मी इथे लावत नाही. मी बोलतेय ते एवढ्यापुरतंच: त्या लोकांनी ‘पुनरुत्थान’ म्हटलं तेव्हा त्यांना काय म्हणायचं होतं. ही दोन उत्तरं वेगळी ठेवली नाहीत तर पुढचं सगळं गढूळ होतं. पुनरुत्थान अशक्य मानणारा अभ्यासकसुद्धा ‘पौलाला शरीरच अभिप्रेत होतं’ असं म्हणू शकतो, आणि पुष्कळ जण म्हणतातही.

माझ्या मते खरी अडचण ‘शब्दशः की रूपक’ या जोडीतच आहे. रूपकाला दोन बाजू असतात, हे आपण शाळेत शिकलोय: ज्याच्याविषयी बोलायचं ते उपमेय आणि ज्याच्याशी ताडून पाहायचं ते उपमान. ‘पुनरुत्थान हे रूपक आहे का’ असं विचारलं की ही दोन टोकं एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावं: इथे पुनरुत्थान उपमेय आहे की उपमान? म्हणजे पुनरुत्थान सांगण्यासाठी दुसऱ्या कशाची मदत घेतली आहे, की दुसरं काही सांगण्यासाठी पुनरुत्थानाची? वर्गात मी दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायला लावते. पुनरुत्थान उपमेय असेल तिथे लाल रेघ, उपमान असेल तिथे निळी. तासाभरात मुलांच्या लक्षात येतं की दोन्ही रंग पानोपानी आहेत, कधी एकाच लेखकाच्या हातून.

निळ्यापासून सुरुवात करू, कारण कालक्रमाने ते आधी आहे. यहेज्केल हा संदेष्टा इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलमध्ये निर्वासित होता. त्याच्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायात सुक्या हाडांनी भरलेलं खोरं आहे. हाडाला हाड जुळतं, स्नायू येतात, कातडी चढते, श्वास शिरतो आणि मोठं सैन्य उभं राहतं. आणि लगेच देव त्याला अर्थ सांगतो: ही हाडं म्हणजे इस्राएलचं सगळं घराणं. आमची आशा संपली असं म्हणणाऱ्या, देशोधडीला लागलेल्या लोकांना त्यांच्या भूमीत परत आणण्याची ही गोष्ट आहे. हे रूपक आहे असं मूळ मजकूरच सांगतो, तिथे वाद नाही.

पुढे चारशे वर्षांनी चित्र पालटतं. अंतियोख चौथा एपिफानेस या सेल्युकी राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली, ती इ.स.पू. १६७च्या सुमारास. नियम पाळणारे मारले गेले, आणि नियम मोडणारे जगले. देव न्यायी असेल तर या मेलेल्यांचं काय, हा प्रश्न आता रूपकाने सुटणारा नव्हता. राष्ट्र पुन्हा उभं राहिलं तरी ज्याची जीभ छाटली त्याला त्याचं काय? मक्काबी म्हणजे या छळाविरुद्ध उठलेलं यहुदी घराणं. त्यांच्या नावाच्या दुसऱ्या पुस्तकात सात भाऊ आणि त्यांची आई यांची कथा आहे. तिसरा भाऊ जीभ बाहेर काढतो, हात पुढे करतो आणि म्हणतो की हे मला स्वर्गाकडून मिळाले आणि त्याच्याकडूनच परत मिळण्याची मला आशा आहे. इथे जीभ म्हणजे जीभ, हात म्हणजे हात. दानीएलाच्या १२व्या अध्यायात मातीत झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील असं येतं, तेही याच छळाच्या काळातलं. आणि मग लोक यहेज्केलाकडे मागे वळून त्याचीच हाडं नव्याने वाचू लागले. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या एका हिब्रू लेखनात तोच दृष्टांत नीतिमानांना मिळणारं प्रत्यक्ष फळ म्हणून येतो. सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोसच्या सभास्थानाच्या भिंतीवर, इ.स. २४४-४५च्या सुमारास, कुणा चित्रकाराने ते खोरं रंगवलं. वरून देवाचे हात उतरताहेत, खाली सुटे पडलेले अवयव, आणि मग उभी राहिलेली माणसं.

म्हणजे प्रवास रूपकाकडून शब्दशः अर्थाकडे झाला, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त तो पौल आणि लूक यांच्या दरम्यान झालेला नाही. तो पौलाच्या जन्माआधी, यहुदी घरांतच झाला होता. येशूच्या काळी यहुद्यांच्या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत आणि सदूकी नाकारत. रूपकावर कुणी इतकं भांडत नाही. आणि पौल परूशी होता.

आता हे नीट समजायला आपल्याकडच्या काव्यशास्त्राची मदत होते. शब्दाचा सरळ अर्थ बसत नाही, त्याला बाध येतो, तेव्हाच आपण लक्षणेकडे वळतो. ‘अख्खं गाव एसटी स्टँडवर लोटलं’ असं कुणी म्हणालं तर गाव चालत येत नाही हे ठाऊक असल्यामुळे आपण ‘गावातली माणसं’ असा अर्थ घेतो. पण हा बाध कुणाच्या दृष्टीने? बोलणाऱ्याच्या जगात तो हवा. आजच्या वाचकाला प्रेत उठणं अशक्य वाटतं, म्हणून तो पौलाच्या वाक्यात लक्षणा शोधतो. पौलाच्या जगात मात्र तिथे बाध नव्हताच. तो होता ग्रीकांच्या जगात. एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या नाटकात, इ.स.पू. ४५८ साली, अपोलो देव म्हणतो की माणूस मेला आणि धुळीने एकदा त्याचं रक्त प्यायलं की मग ‘अनास्तासिस’, म्हणजे पुन्हा उठणं, नाही. हे वाक्य तो अथेन्सच्या अरियपगात, म्हणजे तिथल्या न्यायसभेत, म्हणतो, आणि नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल ज्या अरियपगात ‘अनास्तासिस’ हाच शब्द उच्चारतो आणि काही जण हसतात, तो हाच. लोक हसले ते त्यांना सरळ अर्थ कळला म्हणून. आत्मा अमर आहे एवढंच तो म्हणाला असता तर अथेन्समध्ये कुणाच्या भुवया उंचावल्या नसत्या.

या शब्दाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. ‘अनास्तासिस’मधला धातू आणि संस्कृतातला ‘स्था’ हे मुळात एकच. ‘अना’ म्हणजे वर. वर उभं राहणं, उत्थान. आपल्या भाषांतरकारांनी ‘पुनरुत्थान’ शब्द घेतला तेव्हा नेमका तोच धातू हाती आला. दुसरा ग्रीक शब्द ‘एगेइरो’, म्हणजे झोपेतून उठवणं. त्याच्याशी जुळणारी मृत्यूला झोप म्हणायची रीतही होती, आणि दफनभूमीला ‘कोइमेतेरिओन’, झोपायची जागा. इंग्रजीतला ‘सेमेटरी’ हा शब्द त्यातूनच आला. आजही मराठी ख्रिस्ती घरांत ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असं म्हणतात. झोप हे रूपक खरंच. पण ते कशाचं आहे ते बघा: जो अंथरुणावर पडला तोच सकाळी उठतो.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायाकडे. हे पत्र इफिसहून, इ.स. ५३ ते ५५च्या दरम्यान लिहिलं गेलं, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर साधारण पाव शतकाने. करिंथच्या मंडळीत काही जण म्हणत होते की मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही. येशू जिवंत आहे हे बहुधा त्यांना मान्य होतं. त्यांना नको होती ती आपल्या स्वतःच्या प्रेतांची गोष्ट. ज्या समाजात देहाला आत्म्याची कबर म्हणायची जुनी परंपरा होती, तिथे ही कबर पुन्हा कशाला हवी, असं त्यांना वाटलं असणार. पौलाला खरोखर ‘आत्मा जिवंत राहतो’ एवढंच म्हणायचं असतं तर वादच नव्हता, ५८ वचनांचा अध्याय लिहायची गरज पडली नसती.

‘आध्यात्मिक शरीर’ हे ज्याचं भाषांतर आहे ते ग्रीक शब्द ‘सोमा प्न्यूमातिकोन’. त्याच्या विरुद्ध ठेवलेलं आहे ‘सोमा प्सुखिकोन’. मराठीत ‘आध्यात्मिक’ म्हटलं की आपल्या मनात काहीतरी अदृश्य, पोथीतलं, ध्यानातलं उभं राहतं, आणि शरीर हा शब्द त्यात विरघळून जातो. ग्रीकमध्ये ‘-इकोस’ हा प्रत्यय सहसा वस्तू कशाची बनली आहे ते सांगत नाही. ती कशाने चालते, कशाशी जोडलेली आहे ते सांगतो. कशाची बनली हे सांगायला ‘-इनोस’ हा दुसरा प्रत्यय आहे, जसं ‘लिथिनोस’ म्हणजे दगडी. आपल्याकडे मातीचा रांजण मातीचा असतो, पण पवनचक्की वाऱ्याची बनलेली नसते. ती लोखंडाचीच असते, वाऱ्यावर चालते. पौलाचं ‘आध्यात्मिक शरीर’ पवनचक्कीच्या जातीचं आहे. आत्ताचं शरीर साध्या जिवावर, ‘प्सुखे’वर चालतं आणि तो संपला की कुजतं. उठलेलं शरीर देवाच्या आत्म्यावर चालेल, म्हणून ते कुजणार नाही.

नुसत्या प्रत्ययावर सगळा भार टाकू नये, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण प्रत्ययांना अपवाद असतात. पण इथे त्याच पत्राची साक्ष आहे. दुसऱ्या अध्यायात पौल ‘आध्यात्मिक माणूस’ म्हणतो तो करिंथच्या रस्त्यावर हिंडणारा, हाडामांसाचा माणूस. दहाव्या अध्यायात रानात इस्राएलांनी खाल्लेल्या मान्न्याला तो ‘आध्यात्मिक अन्न’ म्हणतो, आणि ते त्यांनी तोंडाने खाल्लं होतं. आणि १५व्या अध्यायाच्या शेवटाकडे, ५३ आणि ५४ या दोन वचनांत, ‘हे’ हा शब्द चार वेळा येतो: हे नाशवंत अविनाशीपण धारण करील, हे मर्त्य अमरत्व धारण करील, आणि पुन्हा तेच. टर्टुलियन नावाचा कार्थेजचा लेखक यावर म्हणतो की पौल ‘हे’ म्हणतो ते स्वतःची कातडी हातात धरून. दीडशे वर्षांनंतरच्या माणसाचं हे वाचन आहे, पण व्याकरण त्याच्या बाजूने आहे. वस्त्र घालायला आत कुणीतरी असावं लागतं. जुनं टाकून नवं घेणं वेगळं आणि आहे त्याच्यावर पांघरणं वेगळं.

त्या अध्यायातलं बियाणाचं रूपक मी एकदा नगर जिल्ह्यातल्या एका गावी, संध्याकाळच्या अभ्यासवर्गात शिकवत होते. पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही, असं वचन वाचलं. मागच्या ओळीतल्या एका वयस्क शेतकऱ्याने हात वर केला. “बाई, मेलेलं बी उगवत नाही. उगवलं म्हणजे ते मेलंच नव्हतं.” मी गडबडले नाही म्हटलं तर खोटं होईल. जुन्या काळी मातीत पुरून कुजणं हेच मरण धरत, असं मी सांगितलं, आणि पुढचं वचन वाचून दाखवलं: देव त्याला आपल्या इच्छेप्रमाणे शरीर देतो. दाणा स्वतःच्या बळावर उगवतो असं पौल म्हणतच नाही. ते काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ते बरोबर आहे. बाजरी पेरली तर बाजरीच येते, पण कणीस काही आपण पेरलेलं नसतं.” त्या अध्यायावर मी आजवर जे वाचलंय त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. तोच, पण तसाच नव्हे. पौलाला या दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या आहेत. म्हणून तो एका रूपकावर थांबत नाही: बी आहे, वस्त्र आहे, सूर्य-चंद्र-ताऱ्यांचं वेगवेगळं तेज आहे, दुसऱ्या पत्रात तंबू आणि घर आहे. जी गोष्ट कुणी स्वतः अनुभवलेली नाही ती सांगायला रूपकंच लागतात. पण रूपकांची ही रांग ज्याच्यासाठी उभी केली आहे, ते उपमेय रूपक ठरत नाही. सगळ्या रेघा लाल आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या काळच्या स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या विचारात ‘प्न्यूमा’ हे अतिसूक्ष्म, तेजस्वी असं द्रव्यच होतं, आणि तारे त्याचेच बनलेले मानत. काही गंभीर अभ्यासक म्हणतात की पौलालाही असंच, ताऱ्यांसारख्या सूक्ष्म द्रव्याचं शरीर अभिप्रेत असेल. मला ते तितकं पटत नाही, पण टाकाऊही वाटत नाही. ताऱ्यांचा उल्लेख तिथे आहेच. ते खरं धरलं तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही, कारण सूक्ष्म द्रव्याचं शरीर हेही शरीरच. बदलतं ते एवढंच की ते कबरेतल्या शरीराशी कितपत जोडलेलं आहे.

इथवर आलोय तर धागा एकदा हातात घेऊ. पुनरुत्थान आधी राष्ट्रासाठीचं उपमान होतं. मक्काबींच्या काळापासून ते स्वतःच उपमेय झालं. पौल ते याच अर्थाने घेतो आणि त्याच्यासाठी दुसरी रूपकं वापरतो. मग पौल आणि लूक यांच्यात फरक नाही का? आहे, आणि तो मी पुसून टाकणार नाही.

फरक शब्दात आहे. पौलाचा शब्द ‘सोमा’, शरीर. ‘सार्क्स’, म्हणजे मांस, हा शब्द त्याच्याकडे बहुधा दुबळेपणाचा आणि देवापासून फटकून असलेल्या जगण्याचा असतो, म्हणून मांस व रक्त यांना राज्यात वाटा नाही. लूकमध्ये मात्र येशू म्हणतो की भुताला मांस व हाडं नसतात, मला आहेत तशी. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस स्मुर्णाच्या मंडळीला लिहितो की उठल्यानंतरही तो देहात, ‘सार्क्स’मध्येच होता. जस्टिन, आयरेनियस, टर्टुलियन हे त्यानंतरचे ख्रिस्ती लेखक सगळे हाच शब्द लावून धरतात. रोमच्या जुन्या श्रद्धाविधानात, म्हणजे विश्वासाच्या ठरलेल्या सूत्रात, ज्यातून पुढे प्रेषितांचा विश्वासांगीकार घडला, लॅटिन शब्द ‘कार्निस’ आहे, मांसाचं पुनरुत्थान. इ.स. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या श्रद्धाविधानात मात्र ‘मेलेल्यांचं पुनरुत्थान’ असे सौम्य शब्द आहेत. तेव्हा पहिल्या दीडशे वर्षांत जे घडलं त्याला मी रूपकाकडून वास्तवाकडे म्हणणार नाही. ते शरीराकडून मांसाकडे झालेलं सरकणं आहे. पौलाचं ते एक वचन तेव्हाही गळ्यात अडकत होतंच. आयरेनियसने इ.स. १८०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात त्यावर पानंच्या पानं खर्च केली आहेत, कारण विरोधक सारखं तेच वचन पुढे करतात, असं तो स्वतः म्हणतो.

का सरकले? एक कारण वादाचं. येशूला खरं शरीर नव्हतंच, तो भासला फक्त, असं मानणारे गट होते. त्यांच्यासमोर ‘शरीर’ हा शब्द पुरेसा टणक नव्हता. पण दुसरं कारण मला अधिक खोल वाटतं. इ.स. १७७ साली गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लिओं शहरात, ख्रिस्ती लोकांना यातना देऊन मारलं. त्या मंडळ्यांनी रोमच्या आशिया प्रांतातल्या बांधवांना लिहिलेलं पत्र युसेबियस या चर्च-इतिहासकाराने जपून ठेवलंय. प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. हेतू असा की यांना पुनरुत्थानाची आशाच राहू नये, कारण त्या आशेवर हे मरणाला हसत सामोरे जातात. मारणाऱ्यांनाही नेमकं कळलं होतं की ही माणसं शरीराबद्दल बोलताहेत. रूपकाची राख करून नदीत सोडता येत नाही. ज्यांच्या घरातल्या माणसाचं शरीर असं उद्ध्वस्त झालं, त्यांच्यासाठी ‘मांस’ हा शब्द तत्त्वज्ञानाचा उरला नव्हता. मक्काबींच्या त्या तिसऱ्या भावाने पुढे केलेला हात इथे पुन्हा दिसतो. हे पत्र मी वर्गात वाचते तेव्हा दर वेळी मधेच थांबावं लागतं.

याच सुमारास केल्सस नावाचा विद्वान ख्रिस्ती लोकांवर टीका करताना म्हणतो की ही किड्यांना शोभणारी आशा आहे, कुजलेल्या शरीराची हाव कुठल्या माणसाच्या आत्म्याला असेल? आणि टर्टुलियन उलट म्हणतो की मांस हीच तारणाची बिजागरी आहे. बाप्तिस्म्यात अंग धुतलं जातं, तेल अंगाला लावलं जातं, प्रभुभोजन तोंडाने खाल्लं जातं. जे सोबत राबलं त्याला मजुरीच्या वेळी बाहेर कसं काढायचं?

टर्टुलियनचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. तुमचा प्रश्न त्याला त्याच्याच काळात कुणीतरी घातला होता. यहेज्केलाची हाडं रूपक आहेत, मग पुनरुत्थानही रूपकच, असं विरोधक म्हणत. त्यावर तो म्हणतो की जे नाहीच त्याची उपमा देता येत नाही. हाडांना जे घडणार आहे ते खरं असेल तरच राष्ट्राला हाडांची उपमा शोभते. तर्क म्हणून हे पूर्ण टिकत नाही, हे मी कबूल करते. परीकथेतल्या राक्षसाची उपमाही आपण सहज देतोच. पण भाषेच्या व्यवहाराबद्दल त्याला काहीतरी महत्त्वाचं दिसलं होतं: लाक्षणिक अर्थ सरळ अर्थाच्या आधाराने उभा राहतो.

मग पुनरुत्थान हे आत्ताच्या जगण्याचं रूपक म्हणून वापरणारे कुणी नव्हते का? होते, आणि त्यांत पौल स्वतः पहिला. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आहे. लूकमधल्या उधळ्या पुत्राचा बाप म्हणतो की हा माझा मुलगा मेला होता, तो जिवंत झाला. इथे रेघ निळी. अडचण आली ती निळी रेघ ठेवून लाल पुसणाऱ्यांमुळे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हुमनाय आणि फिलेत या दोघांवर नेमका हाच ठपका आहे: पुनरुत्थान होऊन गेलंय, असं ते म्हणत.

इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ १९४५ साली सापडलेल्या हस्तलिखितांत याच बाजूचा आवाज त्यांच्याच शब्दांत ऐकू येतो. रेगिनोस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात गुरू सांगतो की तुला पुनरुत्थान मिळालेलंच आहे. फिलिपच्या नावावरच्या ग्रंथात म्हटलंय की प्रभू आधी मेला आणि मग उठला असं म्हणणारे चुकतात, तो आधी उठला आणि मग मेला. पण इथे ‘नुसतं रूपक’ असा शेरा मारण्याआधी जरा थांबा. रेगिनोसला तोच गुरू बजावतो की पुनरुत्थान हा भास आहे असं समजू नकोस, भास म्हणायचंच तर या जगाला म्हण. त्यांच्या दृष्टीने ते कबरेतून उठण्याहून अधिक खरं होतं. ‘रूपक म्हणजे कमी खरं’ हे आपलं समीकरण आहे, त्यांचं नव्हे.

या दोन टोकांच्या मधे ओरिजेन उभा आहे, तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा. शास्त्रात रूपकार्थ शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तरीही तो शरीराचं पुनरुत्थान सोडत नाही. तो विचारतो की कुठलं मांस? शरीर नदीसारखं वाहतं, कालचं द्रव्य आज नसतं, मग माणूस ओळखू येतो तो कशाने? आत टिकून राहणाऱ्या आकृतीने. उठेल ती आकृती, योग्य त्या नव्या द्रव्यात. पुढे मेथोडियस आणि जेरोम हे ख्रिस्ती लेखक त्याच्यावर तुटून पडले. ऑगस्टिन केस, नखं आणि नरभक्षकाने खाल्लेल्या माणसाचं मांस कुणाचं, इथपर्यंत जातो. ती चर्चा लांबलचक आहे आणि तुमच्या प्रश्नासाठी गरजेची नाही.

तुकोबांबद्दल. साम्य मनात येणं स्वाभाविक आहे, कारण दोन्हीकडे ‘सदेह’ हा शब्द आहे. पण देहूच्या परंपरेत तुकोबा मरण न येता देहासकट जातात. बायबलमध्ये त्याच्या जवळ जाणारी माणसं म्हणजे हनोख आणि अग्निरथातून वर गेलेला एलीया. पुनरुत्थानात आधी मरण आहे, कबर आहे, मग उठणं. करिंथकरांना पौल जे सूत्र सांगतो, आणि जे आपल्यालाही इतरांकडून मिळालं असं तो म्हणतो, त्यात मेला आणि उठवला गेला यांच्या मधे ‘पुरला गेला’ हे शब्द मुद्दाम आहेत. पुनर्जन्माशीही गल्लत नको. तिथे देह बदलतो आणि जीव पुढे जातो, इथे देहालाच परत बोलावणं आहे.

उत्तर कशावर अवलंबून आहे, असं कुणी विचारलं तर मी तीन गोष्टी बघते: कुठला ग्रंथ, तो कुणाशी वाद घालतोय, आणि मूळ शब्द ‘सोमा’ आहे की ‘सार्क्स’. मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींत उठलेला येशू दिसतच नाही, बायका रिकाम्या कबरेपासून घाबरून पळतात आणि ग्रंथ संपतो. मत्तय, लूक, योहान यांच्याकडे वेगवेगळे प्रसंग आहेत. योहानात तर थोमा या शिष्याला जखमा दाखवणारा येशू त्याच अध्यायात बंद दारांतून आत आलेला असतो. हे सगळं एका सुरात बसवायचा आग्रह मी धरत नाही.

पुढे वाचणारच असाल तर एक करा. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आणि कलस्सैकरांस पत्राचा दुसरा व तिसरा अध्याय शेजारी ठेवा आणि क्रियापदांचे काळ तेवढे बघा. रोमकरांना लिहिताना ‘पुरले गेलो’ हा भूतकाळ आहे, पण त्याच्या पुनरुत्थानात सहभागी ‘होऊ’ हा भविष्यकाळ. कलस्सैकरांना लिहिताना ‘त्याच्याबरोबर उठवले गेला आहात’, म्हणजे झालेली गोष्ट. काही अभ्यासक यावरून दुसरं पत्र पौलाच्या शिष्याचं मानतात. दोन्हीकडे पेन्सिली घेऊन बसा, आणि कुठल्या वचनापाशी रंग ठरवता आला नाही ते मला कळवा. तिथून पुढे बोलू.